मास्तरांचा उजवा पाय

गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली होती, पण खुद्द मास्तरांना गाडी चालवताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे जिन्याखालची एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, दोन खुर्च्या आणि दारात उभी पांढरी छोटी गाडी. त्या गाडीत शिकणाऱ्यापुढे पेडलं होतीच, शिवाय बाजूच्या सीटपुढे मास्तरांसाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. सत्तावीस वर्षं मास्तर त्या बाजूच्या सीटवर बसून होते. भाजी आणायची असली की सकाळी सातच्या विद्यार्थ्याला ते म्हणायचे, "चला, आज मंडईत रिव्हर्स शिकू." दाढ दुखली तेव्हा पार्किंगचा धडा दातांच्या डॉक्टरांच्या दारात झाला. स्वतः स्टिअरिंग धरायची वेळच येत नसे.

या सत्तावीस वर्षांत त्यांच्या उजव्या पायाला मात्र भलतीच खोड लागली होती. समोर काही हललं रे हललं, की तो खाली दाबला जायचा, मास्तरांना न विचारता. लेक जेवताना कॉलेजच्या गोष्टी भरधाव सांगू लागली की टेबलाखाली ब्रेक लागायचा. एकदा सिनेमात पडद्यावर ट्रक अंगावर आला आणि मास्तरांच्या बुटाने पुढच्या खुर्चीतले गृहस्थ दचकून उभे राहिले. पोरांनी त्यांना ब्रेकमास्तर हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

गावापासून तीन तासांवर, डोंगरात, एक थंड हवेचं ठिकाण होतं आणि तिथे जायला एकतीस वळणांचा घाट. मास्तरांचा कुणीही विद्यार्थी पहिल्यांदा तो घाट चढला की वर पोचल्याबरोबर त्यांना फोन करायचा. हे कुणी सुरू केलं ते मास्तरांनाही आठवत नव्हतं. "मास्तर, चढलो घाट. तुमची फार आठवण झाली," असं तिकडून येई, आणि मास्तर तत्काळ विचारत, "सतराव्यावर बंद पडली का?" सतरावं वळण उभ्या चढावर होतं, तिथे बहुतेकांची गाडी बंद पडायचीच. या फोनांवरून मास्तरांनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर अख्खा घाट काढला होता. नववं वळण अरुंद, तेराव्यावर पाण्याची टाकी, बाविसाव्यानंतर धुकं. घाट तोंडपाठ होता, पाहिला एकदाही नव्हता.

सोमवारी संध्याकाळी असाच एक फोन येऊन गेला. मास्तरांची बायको नुकतीच कामावरून आली होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, आणि दिवसभर लोकांना कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावून घरी आली तरी तिचा तो सूर सुटत नसे.

"किती जणांना वर पाठवलंत हो तुम्ही," ती म्हणाली. "आपण कधी जायचं?"

मास्तर नेहमीची सबब सांगणार होते. परीक्षा जवळ आल्यात, गाडीचं काम काढलंय, वगैरे. पण तोंडातून निघालं, "या शनिवारी."

झालं. घराला नुसतं उधाण आलं. लेकीने राहायची खोली शोधून फोनवर नक्की केली. मास्तरांनी वही आणून जेवणाच्या टेबलावर घाट पसरला, चमच्याची गाडी केली, मिठाची बरणी टाकीच्या जागी ठेवली आणि चमचा तीनदा वर नेऊन खाली आणला. मग दोन स्वेटर एकावर एक घालून ते आरशासमोर उभे राहिले.

"बाबा, अजून पाच दिवस आहेत," लेक म्हणाली.

"सवय नको का व्हायला?" मास्तर घामाघूम होऊन म्हणाले.

बायकोने दुकानातलं कागदी पाकीट घेतलं आणि त्यावर सगळा बेत लिहून काढला. 'सकाळी सहा, उपाशीपोटी: निघणे. साडेआठ, नाश्त्यानंतर: घाट. मळमळल्यास: थांबणे. कुरबूर: दिवसातून एकदाच.' पाकीट भिंतीवर चिकटवून ती मागे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "घाट मी चढवणार."

मास्तर हसले. मग तिने पर्समधून लायसन काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं, तेव्हा त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

तीन महिने, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ती गाडी शिकत होती. तेही कुठे, तर चौकापलीकडच्या स्कूलमध्ये, ज्याचं नाव मास्तर घरात काढू देत नसत. "तिकडे कशाला?" एवढंच त्यांना विचारता आलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही मला शिकवायला नेलंत," ती म्हणाली. "घर ते चौक. अकरा वेळा ब्रेक दाबलात. मी मोजले होते. मग उतरून चालत घरी आले." लेक तोंडावर हात दाबून बसली होती. "तर ऐका. गुरुवारी स्टेडियममागच्या चढावर मी चालवून दाखवते. तुम्ही बाजूला बसायचं. ब्रेकला पाय लावलात तर शनिवारी मी दुकानातल्या मैत्रिणीला घेऊन जाईन आणि तुम्ही घरी बसाल."

तिचं बोलणं पोकळ नसतं हे मास्तरांना चांगलं माहीत होतं. आणि त्यांना तर जायचंच होतं. इतकं, की दोन दिवस त्यांना धड झोप लागली नाही. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी पाय ताब्यात आणायचा सपाटा लावला. खुर्चीत मांडी घालून बसले. लेकीला मुद्दाम भरभर बोलायला लावलं. मांडीतसुद्धा अंगठा दाबला जात होता.

गुरुवारी गाडीत बसताना त्यांनी पायावर पाय टाकला आणि वर हजेरीची वही ठेवली. लेक पंच म्हणून मागे बसली. बायकोने आरसा नीट केला, गाडी सुरू केली, आणि मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. हात हलके, नजर लांबवर, गिअर असा पडायचा की कळायचंही नाही. आपली बायको सुरेख गाडी चालवते, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं, आणि तेही चौकापलीकडच्यांच्या कृपेने. त्यांना अभिमान वाटला आणि थोडा जळफळाटही झाला.

चढ संपत आला होता. तेवढ्यात फुटपाथवरून एक फुगा रस्त्यावर आला. साधा लाल फुगा. वही उडाली, पाय सुटला, आणि गाडी जागीच उभी राहिली. फुगा आरामात पलीकडे गेला.

"फुगा होता, आई," लेक हळूच म्हणाली.

बायकोने गाडी घरी आणली, शिस्तीत लावली, आणि आत जाऊन बॅगेतून मास्तरांचे दोन्ही स्वेटर काढून पलंगावर ठेवले. तिचे डोळे भरून आले होते. ती रागावली असती तर मास्तरांनी सोसलं असतं. हे त्यांना सोसेना.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळे धडे रद्द केले आणि गाडी काढली. स्वतः, स्टिअरिंगवर बसून. गॅरेजपर्यंत दोनदा बंद पडली. मेकॅनिक त्यांचाच जुना विद्यार्थी होता. मास्तरांना उजवीकडच्या दारातून उतरताना पाहून त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"बाजूची पेडलं काढ," मास्तर म्हणाले.

"मास्तर, आणि सोमवारी पोरांना शिकवणार कसं?"

"सोमवारी परत लाव. पण आत्ता काढ, माझा विचार बदलायच्या आत."

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला क्लच आणि ब्रेक ठेवलेला होता. तिने वर्तमानपत्र उलगडून पाहिलं.

"मला सतरावं वळण बघायचंय," मास्तर म्हणाले. "आणि ते तू घेताना बघायचंय. पाय माझं ऐकत नाही, म्हणून त्याची सोय केली."

तिने कपाटातून औषधाचं पाकीट काढलं, दोन्ही पेडलं त्यात मावेनात, तेव्हा पाकीट नुसतं वर चिकटवलं. त्यावर लिहिलं, 'सोमवारपर्यंत घेऊ नये.' मग तिने स्वेटर परत बॅगेत भरले. दोन नाही, तीन.

शनिवारी सहाला, उपाशीपोटी, गाडी निघाली. वाटेत तिघंही इतकी हसत होती की नाश्त्याला थांबायचं ठिकाण मागे पडलं. घाट लागला आणि मास्तर वही न उघडता एकेक वळण सांगू लागले, एखादं ओळखीचं घर दाखवावं तसं. नववं अरुंद निघालं. तेराव्यावर टाकी होती. ती बघून मास्तरांनी टाळी वाजवली.

सतराव्यावर पुढचा टेंपो थांबला आणि त्यामागे गाडी बंद पडली. वीतभर मागे सरकली. मास्तरांचा पाय खाडकन खाली गेला. खाली नुसती रबरी चटई होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा पायाखाली काही नव्हतं. गाडी थांबली, पण ती त्यांनी थांबवली नव्हती. बायकोने हँडब्रेक ओढला होता. तिने गाडी सुरू केली, क्लच अर्धा सोडला, इंजिनाचा आवाज जडावला तसा हँडब्रेक उतरवला, आणि गाडी सरळ वर निघाली. लेक मागे गाणं म्हणायला लागली.

वर पोचल्यावर ते कठड्याशी जाऊन उभे राहिले. धुक्यात दरी दिसत नव्हती, तरी ते मन लावून बघत होते. खिशातला फोन वाजला. नंबर बायकोचा. त्यांनी वळून पाहिलं तर ती दहा पावलांवर, त्यांच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "चढले घाट. तुमची फार आठवण झाली."

प्रश्न ठरलेला होता आणि तो मास्तरांनी विचारला. "सतराव्यावर बंद पडली का?"

"पडली की."

"मग?"

"मग हाफ क्लच. तिकडे तीन महिने गेले, पण त्यांना तो नीट शिकवता येत नाही. तुम्ही शिकवला होतात, पहिल्या वर्षी. अकरा ब्रेकांच्या आधी."

"शाबास," मास्तर कसेबसे म्हणाले. "उतरताना दुसरा गिअर." आणि तिने फोन ठेवला तरी ते आपला कानाला लावून उभे राहिले.