थंड इंजिनाचं कौतुक

माझ्या वडिलांनी सोळा वर्षं जिवापाड जपलेली गाडी आमच्या ह्यांनी दोन हिवाळ्यांत मारली. आणि तीही कौतुकाने!

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे कल्याणला आली. त्यांचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. मे महिन्यात एकदा ती घाटात तापली, तर ह्यांनी लगेच विठ्ठलवाडीच्या मेकॅनिककडे नेली. त्या शहाण्याने इंजिनातला थर्मोस्टॅटच उपटून माझ्या हातावर ठेवला. "वहिनी, हा थंड देशातल्या गाड्यांना लागतो. आपल्याकडे थंडी कुठे पडते? आता बघा, टेंपरेचरचा काटा हलणार नाय."

हे खूश! भेटेल त्याला सांगायचे, "आपली गाडी एकदम थंड." इंजिन नव्हे, जसं काही माठातलं पाणी.

नेमकी ह्यांची बदली इगतपुरीला झाली. डिसेंबरात दर सोमवारी पहाटे मफलर गुंडाळून स्वारी निघायची. खडवली मागे पडली तरी काटा तळाला चिकटलेला. ह्यांना त्याचाही अभिमान.

गाडीच्या कप्प्यात वडिलांनी ठेवलेलं पुस्तक होतं. ते मी वाचलं. आमच्याकडे दुसरं कोण वाचणार? त्यात सरळ लिहिलेलं, की गाडी चालू लागल्यावर काटा मधोमध यायला हवा, थंडीतसुद्धा. इंजिनातलं पाणी आधी तापतं, ऑइल मागाहून. ऑइल नीट तापलं नाही तर त्यातला ओलावा उडत नाही आणि आतले भाग झिजतात. पाणी तापेपर्यंत त्याला अडवून धरायचं काम त्या थर्मोस्टॅटचं.

"अहो, हे बघा तरी," मी म्हटलं.

"अगं, मेकॅनिकचे हात बघ, कसे काळे आहेत. तुझे आहेत का?"

कपाळ माझं!

पुढे ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट चिकटा जमायला लागला. मी बोटावर घेऊन मेकॅनिकला दाखवला. "ग्रीस आहे वहिनी, चांगलंच की." डोंबलाचं ग्रीस!

दुसऱ्या थंडीत गाडी धूर ओकायला लागली, घाट चढेना. इंजिन उघडलं तर आत काळा चिखल, सिलिंडर पार झिजलेले. मेकॅनिकने मान हलवली. "गेलं, साहेब." मला भर गॅरेजमध्ये रडू कोसळलं.

ह्यांनी खांद्यावर हात ठेवला. वाटलं, आता तरी हा माणूस 'चुकलो' म्हणेल.

"रडू नकोस गं," हे म्हणाले, "तुझ्या बाबांच्या गाडीला आपण शेवटपर्यंत तापू दिलं नाही."