जैबुनबीच्या हातावरची मण्यार

ढाणकीच्या जैबुनबीला बाईचा हात पाहिला की माप कळतं. समोरची नुसता पदर सारखा करत असली तरी ही म्हणते, "सव्वादोन. अन् उजव्या हाताले थोडी ढिल्ली लागंल, भाकरी तू त्याच हातानं थापतं."

तीस वर्षं ती आसपासच्या बंजारा तांड्यांवर बांगड्या भरत फिरते. गेली नऊ वर्षं बांगड्यांसोबत साप पण सांगते, आणि ते कुणी विचारलं नसताना.

कारण नऊ वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली असताना, तिला मण्यार चावली. दुखलं नाही, सुजलं नाही, रक्ताचा टिपूस नाही. पहाटे पोटात कळा आल्या तेव्हा तिच्या नवऱ्यानं, रहमतनं, तिला ओवा चावायला दिला. दिवस उजाडेपर्यंत पापण्या मिटल्या त्या उघडेचनात.

"मी सारं आयकून राह्यलीती," ती सांगते. "शेजारीण म्हणे, गेली बिचारी. मनात म्हटलं, कुठं गेली वं? तुही वाटी अजून माह्याकडंच हाय!"

दवाखान्यानं तिला जगवून परत पाठवलं. तेव्हापासून तिचा हा कार्यक्रम. डाव्या हातात काळी बाही चढवायची, मूठ वळायची. "हे सापाचं डोस्कं." मग पांढऱ्या बांगड्या जोडीजोडीनं कोपराकडे दाट बसवायच्या, मनगट कोरं ठेवायचं. "डोस्क्याकडं कोरी, शेपटीकडं दाट, तर मण्यार. जवळ जायचं नाही." मग सगळ्या बांगड्या खसकन मनगटावर आणायच्या. "अन् मानेपासूनच पट्टे, मागं पुसट, तर कवड्या. थो बिचारा पाली खाते. त्याले काहून मारता?"

बायका हसत, टाळ्या पिटत. जैबुनबी वाकून सलाम करी आणि पेटी उघडी.

गेल्या श्रावणात, तिजेचा सण आठवड्यावर आला असताना, ती सकाळच्या पहिल्या ऑटोनं रूपसिंगच्या तांड्यावर उतरली. रूपसिंगची बायको जमनी म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक आणि जुनं भांडण. तांड्यात आता जुन्या रीतीचा पांढरा चुडा जमनीच्याच दंडावर उरला होता, खांद्यापासून कोपरापर्यंत गच्च. मनगटात ती जैबुनबीकडून दोनच बांगड्या घेई, त्याही कुरकुरत.

"ये वं जैबून! आज मले शाबासकी दे."

"काहून? आज भांडायचं नाही काय?"

"तुह्या कवड्याले जीवदान देल्लं. गोधड्या गुंडाळता गुंडाळता निघाला. आमचा संजय काठी घेऊन धावला. म्या म्हटलं थांब लेका, जैबूननं शिकवलं तसं पाहू दे. पाह्यलं. बिनजहरी! नाल्याकडं सोडून आला थो."

जैबुनबीला इतका आनंद झाला की तिनं ओट्यावर बसता बसता जमनीचा गालगुच्चाच घेतला. "आता तुह्या सुनंले बोलाव. ममताचं माप घेतो."

"निजली थे. पोट दुखते म्हणते. रात्री पाव्हण्यांले बाज देली, ही खाली निजली. थंडी भरली असंल. ओवा देल्ला."

जैबुनबीचा पेटीवरचा हात थांबला.

"जमनी, थो साप कसा होता? हातावर दाखव."

जमनीनं ऐटीत हात लांब केला आणि दुसऱ्या हाताचं बोट खांद्यावर टेकवलं. "हे डोस्कं. इथं दाट पट्टे, अन् खाली असा कोरा हात, तर मण्यार. तुनंच दाखवलं ना? आमचा उलटा होता. मान कोरी, पट्टे सारे शेपटीकडं."

जैबुनबी तिच्या दंडावरच्या चुड्याकडे बघत राहिली. तिनं स्वतः हात मुठीपासून धरला होता. जमनीचा हात खांद्यापासून सुरू होत होता, कारण बांगड्या तिथून सुरू होत होत्या. चित्र तेच, डोकं दुसऱ्या टोकाला.

ती चपलांसकट आत धावली.

ममता भिंतीकडे तोंड करून पडली होती. "बेटी, इकडं पाह्य. डोळे उघड."

"उघडेच हायेत, चाची," ममता म्हणाली. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. "गिळवत नाही मले."

"शेजारच्या खेमसिंगची पिकअप आणा! मण्यार हाय थे!"

घरात एकदम गलका. रूपसिंग अंगणाकडे वळला. "निंबाचा पाला चारून पाहू. कडू लागला, म्हंजे जहर नाही."

"रूपसिंगभाऊ, तिच्या तोंडात आता पाणी बी टाकू नका. घशात अडकंल."

"पण चावल्याचं निशाण कुठं हाय?"

"माह्यावालं नऊ वर्षांत नाही सापडलं!"

ममताचा नवरा संजय पांढराफटक पडला होता. त्यानं काठी उचलली. "मी साप शोधून आणतो. डाक्टरले दाखवा लागंल."

"सापाले भरती करतं काय रे? बायकोजवळ बस. तिले चालू देऊ नको, हलू देऊ नको."

पिकअप येईपर्यंत जैबुनबीनं १०८ ला फोन लावला. तांड्याचं नाव, किती वाजता साप दिसला, पापण्या पडताहेत, गिळता येत नाही, सगळं एका दमात सांगितलं. रुग्णवाहिका उमरखेडच्या रस्त्यावर मध्येच भेटेल असं ठरलं. मग ती ममताजवळ बसली आणि तिच्या हातातल्या बांगड्या उतरवू लागली.

जमनीनं तिचं मनगट पकडलं. "सवाशिणीचा हात कोरा करतं? तीज आली तोंडावर!"

"सुजला तर रुततीन. अन् सुई लावाले जागा पाहिजे."

"जैबून, नको वं..."

"मीच भरल्या होत्या ना? मग मीच काढतो. अन् पुन्हा मीच भरन."

जमनीचा हात सैल पडला. तीस वर्षांत जैबुनबीनं निजलेल्या बाईच्या हातातून बांगड्या कधी काढल्या नव्हत्या. तिनं एकही फुटू दिली नाही. बाराही काढून जमनीच्या ओटीत घातल्या.

पिकअपमध्ये ममताला कुशीवर निजवलं. तिचे डोळे आता पूर्ण मिटले होते. संजय हुंदके द्यायला लागला तशी जैबुनबी त्याच्यावर डाफरली, "रडू नको, आयकते थे!" मग ममताच्या कानाशी वाकली. "तुले आयकू येते, मले माहीत हाय. मोरपंखी भरू का यंदा? का लाल? तुही सासू म्हणंल हिरव्याच. तू तिचं आयकू नको." एक हात ममताच्या पाठीवर, श्वास मोजत. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईपर्यंत तिचं बोलणं थांबलं नाही.

उमरखेडला सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं. तिथून मोठ्या दवाखान्यात, श्वासाच्या यंत्रावर. पाचव्या दिवशी ममतानं पापण्या उचलल्या.

तीज होऊन गेल्यावर जैबुनबी तांड्यावर गेली. जमनी ओट्यावरून उठली नाही.

"म्या माह्या हातानं त्या सापाले सोडलं, जैबून. अन् सुनंले ओवा चारला."

"ओवा माह्या घरी बी झाला. अन् चूक माही. म्या मूठ दाखवली, पण तुह्या तांड्यात हात कुठून सुरू होते, थे इचारलंच नाही."

मग तिनं काळी बाही चढवली. पण या खेपेला मूठ वळल्यावर काजळाची डबी काढून मुठीवर दोन ठळक डोळे काढले, आणि अंगठ्याजवळ एक जीभ. जमनीला नको असताना हसू आलं.

"थांबा, साप नंतर," जैबुनबी जमलेल्या बायांना म्हणाली. "पयले माणूस पाहा. खाली निजलेलं माणूस सकाळी पोट धरून उठलं, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला का नाही, कोणता होता, काही इचारू नका. ओवा नाही, पाला नाही, दोरी बांधायची नाही. सीधा दवाखाना."

ममता दारात येऊन बसली. जैबुनबीनं तिचा हात हातात घेतला, आणि माप सांगायला तिला वेळ लागला.

"तुह्या सव्वादोनच्या आता गळून पडतीन. लहान माप भरतो. दोन महिन्यानं येतो मोठं भरायले."

"मोरपंखी भरा, चाची," ममता म्हणाली. "गाडीत इचारलं होतं ना तुमी."