जानेवारीतले दहा अंश

एप्रिलची दुपार, दोन वाजून वीस मिनिटं. रावेर तालुक्यातल्या एका केळी पॅकिंग शेडमध्ये वृषाली शिडीवर उभी राहून लोखंडी दांड्याला तापमापक लावत होती. आकडा आला छप्पन्न.

वृषाली चौतीस वर्षांची. माहेर साक्रीचं, इंजिनिअरिंग शिरपूरला, अकरा वर्षं जळगावच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात डिझाइनचं काम. या शेडच्या छताला आधार देणारे बावीस निमुळते दांडे तिचेच. दोन काँक्रीट भिंतींत कसलेले, एका टोकाला पन्नास मिलिमीटर जाड, दुसऱ्याला तीस. तापलेल्या दांड्याला वाढायला जागा नसली की तो दबतो, सगळ्यात जास्त बारीक टोकाला. बसवतानाचं तापमान तिने तीस धरलं होतं. कारखान्यात तेच धरतात. पत्र्याखाली लोखंड साठपर्यंत जातं. तीस अंशांची वाढ, बारीक टोकाच्या चौरस मिलिमीटरवर एकशेवीस न्यूटन. मर्यादा दीडशे. त्या हिशेबाखाली तिची सही.

आज एक दांडा चार मिलिमीटर वाकलेला दिसला म्हणून तिला बोलावलं होतं. त्याच्या टोकाला फोरमन वनाने सवयीप्रमाणे रंगाने लिहिलं होतं: १२ जानेवारी, स. ६.३०.

इतक्या सकाळी का, असं तिने विचारलं. वनाला वाटलं, ती कौतुक करतेय.

"थंडीमा लोखंड आखडस, ताई. दांडा सरकन बसस."

बावीसही दांडे जानेवारीतल्या अशाच सकाळी बसवलेले, दहा अंशांवर. म्हणजे वाढ तीस नव्हे, पन्नास. तिने शिडीवरच आकडे मांडले. आत्ताच एकशेचौऱ्याऐंशी, मेमध्ये दोनशे.

तिने ते सांगितल्यावर वनाने हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही इचारं नही," तो म्हणाला, "मी सांगं नही."

शेडमालक प्रेमराजशेठ काम थांबवायला तयार नव्हते. कंटेनर ठरलेला होता. दांडे ढिले करून तीस अंशांवर पुन्हा कसायला त्यांनी सकाळी आठपर्यंतचा वेळ दिला. तेवढ्या वेळात नऊच दांडे होतील, वना म्हणाला. उरलेल्या तेरा दांड्यांखाली केळी भरणाऱ्या छत्तीस बाया बसणार होत्या.

"शेड वापरू नका, असं लिहून देते," वृषाली म्हणाली. "चूक माझी, तेही लिहिते."

"नोकरी जाईल तुमची," शेठ म्हणाले.

तिने लिहून दिलं. प्रेमराजशेठनी कागद दोनदा वाचला आणि मुकादमाला बोलावलं.

उद्या सव्वासहाला वना पहिला नट ढिला करेल. बाया नेहमीसारख्या आठला येतील. त्यांचे क्रेट बाहेर, कडुनिंबाखाली मांडलेले असतील.