टाकीत गर्दी हवी

पडदे शिवणाऱ्या काकूंच्या नवऱ्याला डेपोत सगळे मागून ‘मिरची’ म्हणत. हे नाव त्यांना स्वतःला सोडून साऱ्या जगाला ठाऊक होतं, काकूंनाही. बसच्या वेळा टिपायचं काम. उशिरा आलेल्या ड्रायव्हरला ते असे धारेवर धरत की तो बिचारा पुढच्या फेरीला जेवण सोडून वेळेवर हजर होई. उरलासुरला राग घेऊन ते घरी येत. आपण बायकामुलांवर कधी हात उगारला नाही, हे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. उगारायची गरजच नव्हती. तोंडाचा पट्टा पुरेसा होता.

तेव्हा घर भरलेलं तरी होतं. सासूबाई होत्या, बिनलग्नाचा दीर होता, तीन मुलं होती. सकाळी दिराचा ओला टॉवेल, दुपारी थोरल्याचे मार्क, संध्याकाळी सासूबाईंचा रेडिओ, असं पुरवून पुरवून मिरचीचा दिवस जाई आणि काकूंच्या वाट्याला फार तर भाजीतलं मीठ येई. पुढे सासूबाई गेल्या, दिराने बदली मागून घेतली, थोरला परदेशी गेला, मधली सासरी गेली. उरली धाकटी. ती बापाला उलट बोलायची, त्यामुळे निम्मा दारूगोळा तिच्यावरच खर्च व्हायचा.

रिटायर झाल्यावर मिरचीने बाहेरच्या खोलीत काचेची भलीमोठी टाकी आणली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले सिक्लिड मासे पाळायचे होते. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. पण पुढचे दिवस काकूंनी जे पाहिलं, ते लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. हा माणूस थांबू शकत होता! टाकीच्या तळाला फोम अंथरून त्यावर त्यांनी चुनखडीचे दगड रचले, हलवून हलवून पक्के केले. वाळू त्यानंतर, कारण हे मासे वाळू उकरतात आणि दगड वाळूवर टेकलेले असले तर कोसळतात. ती वाळूही पाणी नितळ निघेपर्यंत बादलीत धुतली. मग टाकी भरली, फिल्टर सुरू केला, आणि एकही मासा न सोडता महिनाभर वाट बघत बसले. खाणारं कोणी नसताना रोज चिमूटभर खाद्य तेवढं टाकत. पाणी पिकावं लागतं म्हणे.

“नवं पाणी बाधतं त्यांना,” ते शेजाऱ्याला मऊ आवाजात समजावत होते. “दमानं घ्यावं लागतं.”

काकू या घरात नव्या आल्या होत्या तेव्हा पहिल्याच सकाळी चहा कोमट म्हणून त्यांच्यादेखत कप मोरीत ओतला गेला होता. त्यांना दमानं घ्यावं असं काही कोणाला सुचलं नव्हतं.

अखेर मासे आले, पाच. त्यातल्या दांडग्या निळ्याने सगळे दगड आपलेच ठरवले आणि तो एका फिकट मादीच्या हात धुऊन मागे लागला. ती कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे जीव मुठीत धरून असायची. शेपटी कुरतडली गेली, मग एका सकाळी उताणी तरंगताना सापडली. मिरचीला खरोखर वाईट वाटलं. जेवले नाहीत. मासेवाल्याकडे जाऊन आले ते फुगलेल्या पिशव्यांमधून आणखी ढीगभर मासे घेऊनच. पडद्याचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईकबाईंना त्यांनी स्वतःहून कारण सांगितलं.

“टाकीत गर्दी हवी. मोजके मासे असले की दांडगा एकीच्याच मागे लागतो, मरेपर्यंत. गर्दी असली की मार वाटला जातो. मग कोणी मरत नाही.”

बाई हसल्या. मशीनवर बसलेल्या काकूंचा पाय थांबला. दारात उभ्या असलेल्या धाकटीने आईकडे पाहिलं आणि मायलेकी दोघींना एकदमच कळलं. इतकी वर्षं काकूंनी मनाची समजूत घातली होती की स्वभावाला ते तरी काय करणार, त्यांना कळतच नाही. कळत होतं की! माशांचं कळत होतं. त्या घडीला काकूंना नवऱ्याची किळस आली.

त्याच आठवड्यात धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आणि तिने ती घ्यायला नकार दिला. आधी पगाराचं कारण सांगितलं, मग राहायच्या गैरसोयीचं. शेवटी स्वयंपाकघरात म्हणाली, “मी गेले की तू एकटीच उरशील, आई.”

जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून बापाचं डोकं ओळखायला ही पोर शिकली होती. अजून राहिली तर दुसरं काहीच शिकणार नव्हती. काकूंनी समजावलं, विनवलं, शपथ घातली. धाकटी ढिम्म हलेना. तेव्हा काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“खरं ऐकायचंय? घरात भांडणं होतात ती तुझ्यामुळे. तू उलट बोलतेस आणि त्यांचं डोकं फिरतं. आम्ही दोघंच असलो की धड बोलतात ते माझ्याशी. तू गेलीस तर मला चार दिवस सुखाचे मिळतील.”

धाकटीचा चेहरा पडला. “असं होय,” एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला गेली. निघताना बापाला येते म्हणाली, आईला काहीच म्हणाली नाही. काकूंनी दारात उभं राहून ते सोसलं. पोरगी सुटली, बाकी सगळं नंतर निस्तरता येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बरेच दिवस तिचा फोन आला नाही. आला तेव्हा मिरची तोंड सोडून उभे होते. माशांसाठी साठवून ठेवलेल्या पाण्यात शिवणाचा दोरा पडला होता आणि त्यावरून काकूंची अक्कल, त्यांचं माहेर, त्यांचे हात, सगळं उद्धरून झालं होतं. आता ऐकायला दुसरं होतंच कोण? काकू फोन घेऊन न्हाणीघरात शिरल्या, कडी लावली, नळ पूर्ण सोडला.

“कसला आवाज गं?” धाकटीने विचारलं.

“पाणी भरतेय.”

“आता भांडणं होत नाहीत ना?”

“नाही.”

“बाबा धड बोलतात?”

बाहेर दारावर थाप पडली. काकूंनी फोनवर तळहात धरला, थाप थांबेपर्यंत थांबल्या, मग हात काढला.

“बोलतात की. अगदी छान.”

सुट्टीत घरी यायचं तिकीट काढू का, हे विचारायला फोन केला होता, धाकटी म्हणाली. “पण राहू दे. मी येत नाही. माझ्यामुळे पुन्हा तुमचं बिघडायला नको.”

“बरं,” काकू म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला आणि कडी काढली.