बिनआवाजाचा कॉम्प्युटर

लातूरच्या ट्यूशन एरियात राजश्रीचं दुकान विचारा, कुणीही बोट दाखवील. दोन हजार दहा साली त्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून देणारी बाई ती एकटीच. टेबल पार शटरच्या बाहेर, निम्मं रस्त्यावर. का, तर म्हणे उजेड लागतो. गिऱ्हाईक येऊन मालक कुठंयत विचारायचं, ती हातातला पेचकस न ठेवता म्हणायची, समोरच बसल्यात, बोला. आपला अंदाज चुकत नाही हे ती स्वतःच सांगायची, आणि खरं असेल तर लाजायचं कशाला?

गाव विचारलं की मात्र एकच उत्तर, लातूर. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं गाव पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांची कीव घेऊन धंदा करायचा नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे शेषेराव सर टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर मागायला आले आणि बोलता बोलता आईच्या गोष्टीवर आले. त्यांची आई गुणाबाई. गावाकडं त्याच भूकंपात माळवदाखाली नवरा आणि लेक गेली, तेव्हापासून सतरा वर्षं ही बाई स्लॅबखाली झोपली म्हणून नाही. अंगणात पत्र्याची खोली, तिथंच सगळं. गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी बजावलं, यंदा घरात झोपवा, नाहीतर अवघड आहे. म्हातारी ऐकेल तर शपथ! सरांकडं आता एकच आमिष उरलं होतं. घरचे सगळे माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेले होते, त्याचं शूटिंग आईनं अजून पाहिलं नव्हतं. मोठ्या टीव्हीवर लावलं तर आत येईल, बसेल, हळूहळू रुळेल. बजेट वीस हजार.

"आजी आत बसतील," राजश्री म्हणाली. "ते माझ्याकडं लागलं."

सरांनी मित्राकडून लिहून आणलेल्या यादीतलं ग्राफिक्स कार्ड तिनं आधी खोडलं. माहूर बघायचंय, गेम खेळायचे नाहीत, बोर्डावरच टीव्हीची पिन आहे की! प्रोसेसर कमी तापणारा घेतला, म्हणजे पंखा मोठा आणि संथ चालेल. घरघर आली की आजी उठणार, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला लावले, कारण लोडशेडिंगनंतर आपल्याकडं करंट येतो तो दणका देतच येतो. नांदेडचा होलसेलवाला फोनवर झगमग दिव्यांचं कॅबिनेट गळ्यात मारायला बघत होता, त्याला तिनं दोन वाक्यांत गप्प केलं. आवाज नको म्हणून हार्डडिस्कही रबरावर बसवली. स्पीकर तेवढे तिनं विचार न करता घेतले. होम थिएटर म्हटल्यावर वूफर मोठाच पाहिजे.

रविवारी दुपारी सरांच्या घरी कॉम्प्युटर चालू झाला, तर चालू आहे हे दिवा बघून कळावं, इतका गुमान. गुणाबाई आल्या, चपला पायांतच ठेवून दाराला टेकून बसल्या. पडद्यावर गडाच्या पायऱ्या आल्या. मग संबळ वाजला.

वूफरनं तो संबळ फरशीत घातला. फरशी थरथरली, मांडणीवरची ताटं किणकिणली, आणि पुढचं राजश्रीला कळलं तेव्हा ती अंगणात उभी होती, अनवाणी. शेजारी गुणाबाई. घरातली बाकीची माणसं दारातून दोघींकडं बघत होती.

गुणाबाईंनी तिचं मनगट धरलं. "समदे बसून हायत. तू कामून पळालीस? कोन्या गावची गं, माय?"

राजश्रीनं सतरा वर्षांत पहिल्यांदा गावाचं नाव घेतलं.

गुणाबाईंनी मनगटावरची पकड घट्ट केली. मग म्हणाल्या, त्या गावात त्यांची मावळण, बापाची बहीण, दिली होती. तिच्या घरातलंही कुणी वाचलं नाही.

"चुकलंच माझं, आजी," राजश्री म्हणाली. "पंख्याचा विचार केला, भुईचा केला नाही."

ती आत गेली, वूफरची वायर काढली, तो उचलून पिशवीत घातला. त्याच्या बदल्यात भिंतीवरचे दोन छोटे स्पीकर आणून देते म्हणून सरांना सांगितलं, तोवर टीव्हीचाच आवाज लावला. गुणाबाई उंबऱ्याशी उभ्याच. दाराजवळची जागा दोघींनाही हवी होती. राजश्रीनं ती त्यांना दिली आणि स्वतः पार आतल्या भिंतीला जाऊन टेकली. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण ती उठली नाही.

माहूरचा गड चढून होईस्तोवर गुणाबाई एकेक फरशी सरकत तिच्याजवळ आल्या. शूटिंग संपलं. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या आणि शेषेरावांकडं सरकवल्या.

"बाहीर ठेव ह्या," त्या म्हणाल्या. "आन माझं अंथरून आत आन. ही पोरगी बसली ना, तिथं टाक."