मुलाखतीचा नुसता सराव

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

आज ऑफिसतर्फे आम्ही दहा जण शहरातल्या चामराजपेट भागातल्या एका कॉलेजात गेलो होतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायचा होता. माझ्यासमोर कावेरी बसली. वडील शिंपी, घरात आपल्यासारखंच मराठी. इंग्रजीत अडखळली, पण एकही उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

मी मनापासून म्हणाले, "छान बोललीस! मी तर तुला लगेच नोकरीवर घेतलं असतं."

तिने बायोडेटा पुढे सरकवला. "मग घ्या ना, अक्का."

आमची कंपनी ठरावीक कॉलेजांतूनच मुलं घेते. हे कॉलेज त्या यादीत नाही, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. मी तसं सांगितलं. तिने कागद उचलला, "सरी, अक्का," म्हणजे 'ठीक आहे', असं कानडीत म्हणाली आणि निघून गेली. शेवटी ग्रुप फोटोलाही थांबली नाही.

परतल्यावर एचआरला विचारलं. "तो समाजकार्याचा कार्यक्रम, भरती वेगळी," एवढंच उत्तर मिळालं.

मी तिचा बायोडेटा निदान ठेवून घ्यायला हवा होता का? की ती आणखी एक फसवणूक झाली असती? तुम्ही काय केलं असतं?