प्रभाकरदादांचा पाऊण तास

त्या सकाळी फोन हातात घेतला तेव्हा सात वाजून गेले होते आणि स्क्रीनवर सुमनवहिनींचे तीन मिस्ड कॉल दिसत होते. पहिला सहा पस्तीसला, दुसरा त्याच्या मागोमाग, तिसरा पावणेसातला. त्यानंतर एकही नाही. मी घाईघाईने फोन लावला. वहिनी शांत आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... हॉस्पिटलमध्येच आहे मी. तुम्ही या." प्रभाकर साळवे, माझे जिवलग मित्र, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे म्हणून दादा, सहाच्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. मुलगी पुण्याला. म्हणजे मी पोहोचेपर्यंत वहिनी तिथे एकट्याच होत्या, आणि मी मात्र फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून, आतल्या खोलीचं दार लावून प्रार्थनेला बसलो होतो. ही सवय मला दादांनीच लावलेली. आता या गोष्टीला सात आठवडे झाले. दादा गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त टोचत राहिले ते तीन कॉल. वहिनींच्या घरी मी रोज जात होतो, आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायचं रोज टाळत होतो.

दादा इंदूरच्या सांवेर रोडवरच्या खोकी बनवणाऱ्या कारखान्यात बॉयलर चालवायचे. पुठ्ठा तयार करायला वाफ लागते, आणि त्यांचा तो जुना बॉयलर पेटवला की वाफ धरायला पाऊण तास घ्यायचा. तेवढा वेळ जागा सोडता येत नाही आणि दुसरं काही हाती घेताही येत नाही. वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून बसायचं, बस्स. त्या पाऊण तासात दादा लोखंडी स्टुलावर बसून देवाशी बोलायचे. उघड्या डोळ्यांनी, काट्याकडे बघत. सुपरवायझरपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी शोधत आलं तर उत्तर मिळायचं, "साळवेजी की ऊपर मीटिंग चल री हे, बाद में आना." या थट्टेवर दादा स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

माझी गोष्ट अगदी उलटी. दिवसभर विमा कंपनीतली नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ चर्चच्या कमिटीचं सेक्रेटरीपद. कापणीच्या सणाचा मंडप, नाताळचं जेवण, बिघडलेला माइक, पाळकसाहेबांच्या घराचं गळणारं छप्पर, सगळं माझ्याच गळ्यात. मंडळी म्हणायची, विनयभाऊ नसते तर चर्चचं कसं झालं असतं! ते ऐकून मी आणखी दोन कामं अंगावर घ्यायचो. उपासना सुरू असताना मी निम्मा वेळ व्हरांड्यात, कानाला फोन लावून. एकदा दादांनी मला तिथेच गाठलं आणि इंदुरी थाटात 'भैया'चं 'भिया' करत म्हणाले, "भिया, एक सांग. प्रभूच्या घरची सगळी भागदौड तूच करतो. पण यजमानाला कधी भेटतो का नाही?" मी चिडलो. म्हटलं, "दादा, तुमचं ठीक आहे. तुम्हाला कंपनी पगार देऊन प्रार्थनेला बसवते. मला कुठे आहे टाइम?" लागट बोललो होतो, हे कळूनही मी माफी मागितली नाही. माझा स्वभावच तसा आहे, काय करणार!

मग कारखान्यात नवा बॉयलर आला. गॅसवरचा, बटण दाबलं की पाच-सात मिनिटांत वाफ. जुना भंगारात निघाला. दादांनी मालकांकडून तेवढं स्टूल मागून घेतलं आणि स्कूटरच्या मागे बांधून घरी आणलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्यांनी कारखान्यातल्याच पुठ्ठ्याची घडी सारली. आणि त्यानंतर दादांनी पोह्यांच्या गाडीवर येणं बंद केलं. हे इंदूरबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सकाळी पोहे-जलेबी हा आमच्याकडे नाश्ता नसतो, बैठक असते. नाक्यावरच्या त्या गाडीपाशी आम्ही चौघे मित्र वर्षानुवर्षं उभे राहत होतो, आणि वरून जास्तीची शेव मागण्यात दादांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, दादा नाहीत. मला वाटलं, माझं व्हरांड्यातलं बोलणं मनाला लागलं. शेवटी कागदात पोहे बांधून घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दादा खिडकीपाशी त्या स्टुलावर बसलेले. सव्वासात झाल्यावर उठले, माझ्या हातातली पुडी बघून खूश झाले आणि म्हणाले, "तू बोलला ते खरंच होतं रे. इतकी वर्षं मला टाइम फुकट मिळत होता. बॉयलर द्यायचा, मी घ्यायचो. आता माझ्या पदरचा द्यावा लागेल ना... मग बघितलं, माझ्याकडे सगळ्यात आवडता टाइम कोणता? पोह्यांचा." असं म्हणून त्यांनी पुडी उघडली आणि आधी शेव खाल्ली. मला त्या माणसाचा हेवा वाटला. आणि स्वतःची लाजही.

त्यानंतर दोनच महिन्यांत मी कमिटीतून बाहेर पडलो आणि सकाळी साडेसहाला फोन फळीवर जाऊ लागला. चर्च व्यवस्थित चालू आहे, हे कबूल करायला मला बराच काळ लागला. दादांसारखा पाऊण तास मला अजून जमत नाही, अर्ध्या तासातच पाय वळवळतात. ते दादांना सांगितलं की म्हणायचे, "नवा बॉयलर आहे तू. लवकर गरम होतो."

गेल्या रविवारी उपासनेनंतर वहिनींना घरी सोडलं आणि न राहवून विचारलंच. "वहिनी, त्या दिवशी मी फोन उचलला नाही..." त्या चहाचं आधण ठेवत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या फोनला राग आला, भाऊजी. खोटं कशाला बोलू? दुसऱ्यालाही आला. तिसऱ्या वेळी समोरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. मग समजलं, तुम्ही बसले असाल. हे असते तर म्हणाले असते, उठवू नको त्याला, मोठ्या मुश्किलीने बसलाय." त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "मग मी पण तिथेच बाकड्यावर डोळे मिटून बसले. म्हटलं, तिकडे भाऊजी बसलेत, इकडे मी बसते. एकटी कुठे होते मी?"

मला रडू आवरेना. ते झाकायला मी खिडकीकडे वळलो. स्टूल तिथेच होतं, पायाखाली तीच पुठ्ठ्याची घडी. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वहिनी, हे स्टूल इथे रिकामंच पडून असेल... मी घेऊन जाऊ का?"

"रिकामं कुठे आहे? मी बसते ना त्याच्यावर, साडेसहाला," वहिनी म्हणाल्या आणि चहा गाळू लागल्या.